फुंक आपल्या घरची

कोरेगाव,
१२ जानेवारी १९७४

चि. मानसिंग यास आजी भामाबाईचे अ. आ. वि. वि.

तू विसरला असशील म्हणून ओळख सांगते. कोरेगावात एक म्हातारी हाय, तिनं तुला लहानाचा मोठा केला. आठवलं तर पुढं वाच. मी सांगते तसं तुझी काकू लीलाबाई लिहितीय. शिव्या ती गाळते, त्या तू मनानं घाल.

मेढ्याचे नाथाजी सुभेदार येऊन गेले. त्यांच्या राहीवर तूच जीव टाकलास, म्हणून मी निरोप धाडलेला. पोरगा काय करतो, विचारलं. मी म्हणाले वाजवतो, तर त्यांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. म्हणे, पोरगी फौजीला देऊ, शेतकऱ्याला देऊ, वाजंत्र्याला न्हाई. पिपाणी टाकून साखर कारखान्यात लागला तर बघू. पेन्शनीत निघाला तरी गडी अजून परेडीवरच हाय.

पण तुझं तरी काय चाललंय? फौजेच्या बँडात नीट होतास, ते सोडून मुंबईत फुंकत बसलास. लहानपणी फुकणीनं माझी चूल पेटवायचास, त्यावर भाकरी तरी भाजायची. रेडिओ तुझं नावसुद्धा घेत न्हाई. तुझ्यापेक्षा शेजारच्या भाऊसोचा वळू बरा, त्याला पाच गावं ओळखतात.

लोभ हाय, पत्र आलं न्हाई तर आटवीन.

आजी

मुंबई,
२८ जानेवारी १९७४

ती. आजीस मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

वळूला नमस्कार सांग. ती पिपाणी नाही, सॅक्सोफोन आहे. दिवसा सिनेमाच्या गाण्यांत वाजवतो, रात्री हॉटेलात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल संगीत, जिवाच्या तळातून येणारं. रेकॉर्डवर गाणाऱ्याचं नाव छापतात, वाजवणाऱ्याचं नाही. गाणारीण मला भोंगा म्हणते. तरी कारखान्यात मी येणार नाही.

नव्या गाण्यात मधला तुकडा माझा एकट्याचा आहे. महिन्याभरात रेडिओवर लागेल, नाथाजींना ऐकव. राहीला थांबायला सांग. तिचं दुसरीकडे ठरलं तर मी कुणासाठी फुंकू?

माया आहे तेवढी ठेव, वाढली तरी चालेल.

मानसिंग

कोरेगाव,
२ मार्च १९७४

चि. मानसिंग यास अ. आ. वि. वि.

जिवाच्या तळातलं गाणं जेवणाऱ्यांच्या ताटाशी वाजवतोस, धन्य हाय तुझी.

नाथाजी काल बाजाराला आले ते शेवटचा नकार द्यायलाच. ओट्यावर बसले, लीलाबाईनं रेडिओ लावला. ती गाणारीण दारात मांजर चेंगरावं तशी ओरडली, आणि मग मधेच कुणीतरी फुंकायला लागलं. सुभेदारांचा बूट ताल धरू लागला. मिशीवर हात फिरवून म्हणाले, हा गडी फौजेत असता तर डोळे झाकून पोरगी दिली असती.

मी म्हणाले, झाका मग डोळे, तो माझा नातू हाय, फौजेच्या बँडातनंच आलेला. ते हसले. म्हणे, रेडिओनं नाव कुठं घेतलं? मी म्हणाले, नाव काय करायचंय? दोन आखूड फुंका, मग पोट रिकामं होईस्तोवर एक लांब, आणि संपता संपता वर उचललेली. जाळ पेटेस्तोवर माझी चूल असाच फुंकायचा. मग त्यांना चुलीपुढं बसवून फुकणी त्यांच्याच हातात दिली. मी म्हणाले, फुंका. सुभेदारांनी जोर लावला, सगळी राख मिशीत.

पुरतं पटलं न्हाई, पण फौजीचा शब्द तोंडातून गेलेला, लीलाबाई साक्षीला. शिमगा झाला की रविवारी येतायत. समोर वाजवून दाखव म्हणतायत. तुकडा तोच निघाला तर राही तुझी. ते तुझं भांडं घेऊन ये. मला ते अजून म्हशीला कळ आल्यागत वाटतं, पण फुंक आपल्या घरची हाय.

राग धर, पण पोटात ठेवू नको. वाजवताना दम लागेल.

आजी

ता. क. आपल्या गावचा आकाराम मुंबईहून तुझ्याआधी गावाकडं येतोय. त्याच्याजवळ मला मऊ हलवा पाठव, आणि सुभेदारांना कडक चिक्की. त्यांची कवळी अडकली म्हंजे बोलणीला तोंड बंद राहील.