गच्ची चाचांना मिळणार नाही

गेल्या वर्षीच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझा भाऊ शादाब बिडीमुळे गेला. ते चूक आहे, म्हणून ते मृत्युपत्र मी रद्द करते. मी, शाइस्ता, मरहूम मुस्तकीम यांची मुलगी, वय सव्वीस, राहणार मुरादाबाद, हे नवं मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणी न सांगता, स्वतःच्या हातानं लिहिते.

शादाब आमच्या गच्चीवरच्या भट्टीत अब्बांचे सख्खे भाऊ इश्तियाक चाचा यांच्यासाठी वायरी जाळायचा. प्लास्टिक जळून गेलं की तांबं उरतं. पहिल्याच दिवशी चाचांनी त्याच्या तोंडात बिडी दिली. "ओढत राहा, म्हणजे वायरीचा धूर आत शिरत नाही." आमच्या गल्लीत सगळे हेच मानतात. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला उलटं सांगितलं. श्वासनळीतली बारीक लव घाण बाहेर ढकलत असते; बिडीनं ती लुळी पडते. मग जळत्या प्लास्टिकचा आम्लासारखा धूर आत जातो आणि तिथंच बसतो. मयतीच्या दिवशी मात्र चाचा सगळ्यांना सांगत होते, "किती सांगितलं, बिडी सोड म्हणून!" मी ते ऐकलं आणि खरं धरून लिहिलं. अब्बांनी मला घरीच लिहायला शिकवलं तेव्हा बजावलं होतं, की ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी.

१. घर. शादाबनंतर अब्बांनी हे घर हयातीतच मला बक्षीस दिलं. माझ्यामागे वारस म्हणून एकटे चाचाच उरतात, आणि शरियतप्रमाणे मला एक तृतीयांशाहून जास्त कोणाला लिहून देता येत नाही. तेव्हा खालच्या दोन्ही खोल्या चाचांना जातील. जाऊ देत. माझ्या तृतीयांशात मी गच्ची आणि जिना धरते, आणि ते शादाबची बायको तरन्नुम भाभी हिला देते. अट एकच, गच्चीवर काही जाळायचं नाही.

२. शिलाई मशीन आणि पोस्टातली शिल्लक भाभीची मुलगी इकरा हिला. हेही त्याच तृतीयांशात बसतं, मी विचारून घेतलं आहे.

३. शादाबच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेलं बिड्यांचं अर्धं बंडल चाचांना. ते त्यांचंच होतं.

४. माझ्या मयतीला चाचांनी कारण सांगत बसू नये. इस्पितळात काढलेला माझ्या छातीचा फोटो भाभीकडे आहे. मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

गच्ची का, हे कोणी विचारील म्हणून लिहून ठेवते. मागच्या आठवड्यात मी चाचांना म्हटलं, "चाचा, इकराचा खोकला थांबत नाही. भट्टी दुसरीकडे न्या."

"खिडकी लावून घ्या की."

"लावली तरी धूर येतो."

"मग तू जा ना नवऱ्याच्या घरी, कोणी अडवलंय? नवरा तेवढा शोध."

भाभी कणीक मळत होती. ती म्हणाली, "येईलही हो बिचारा. पण तुमच्या भट्टीचा वास आला की दारातूनच पळेल."

चाचा हसले नाहीत. जाता जाता मला म्हणाले, "भट्टीला हात लावून बघ. त्याच गच्चीवरून खाली येशील, जिन्यानं नाही."

म्हणून हे मृत्युपत्र आज लिहिते.

शेवटचं कलम. वरची न जाळण्याची अट माझ्यामागे टिकेल का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. मेलेल्या माणसाची अट पाळायला लावणार कोण?" तेव्हा तरन्नुम भाभीवर मी ते ओझं टाकत नाही. भट्टी मी जिवंतपणी, स्वतः फोडणार आहे. लपून नाही, जुम्म्याची नमाज सुटून सगळी गल्ली घरी परतत असताना, चाचांच्या देखत.

सही: शाइस्ता

साक्षीदार: अफरोज जहाँ, शिक्षिका
गुलफाम, कुलपं दुरुस्त करणारे, शेजारी

स्थळ: मुरादाबाद
लिहिल्याचा दिवस: सोमवार, ६ फेब्रुवारी २०२३
भट्टी फोडण्याचा दिवस: शुक्रवार, १० फेब्रुवारी २०२३