लेकराच्या कमरंला बांधलेला अमेरिकेचा पैसा

आबा, रातभर माझा डोळा लागला न्हाई. लेकराच्या पोटात तुमचा एक पैसा हाय, अन त्यो कोणता हाय ते घरात फकस्त मला ठाव हाय. सासूला वाटतंय तांब्याचा हाय. डॉक्टरलाबी तसंच वाटतंय, कारण मी तसं वाटू दिलं. मी पोरीच्या पोटावर हात ठिवून बसले व्हते. तिनं कूस बदलली की मला तुमचा त्यो लिंबाच्या रसाचा ग्लास दिसायचा, अन मी परत उठून बसायचे.

आता उजाडलंय. पहाटं तिला उलटी झाली, मग ती झोळीत झोपली. जीपवाला इथून, राणीसावरगावातून, परभणीला जाणार हाय, पण त्यो आठ वाजल्याबिगर निघत न्हाई. तवर काय करू म्हून लिहायलेय. तुमाला जाऊन लय वर्षं झाली, मी सातवीत व्हते तव्हा. ह्ये तुमाला पोचणार न्हाई ते मला कळतंय. पण जित्या माणसाला सांगायची हिंमत न्हाई, म्हून तुमाला सांगायलेय.

तुमी परभणीला पाहुण्यांच्या बंगल्यावर सैपाकी व्हते. ज्वारी-कापूस बघायला बाहेरदेशाचे लोक यायचे, त्यांच्या खोल्या झाडताना पलंगाखाली ल्हान ल्हान तांबडी नाणी घावायची. तुमी ती परत द्यायला गेले की ते हसायचे अन हातानंच ऱ्हाऊ दे म्हणायचे. अमेरिकेचा एक सेंट, त्यांचा सगळ्यात ल्हान पैसा. मग एका म्हाताऱ्या पाहुण्याला कळलं की सैपाकी ह्ये साठवतोय. त्यानं पुढच्या फेरीला आपल्या घरून जुन्या नाण्यांची थैली आणली अन बोलणं समजवायला तिथल्या क्लर्कला मधी घालून तुमाला सगळं शिकवलं. बाजारात कापसाला ग्रेड लावतेत तशी नाण्यालाबी ग्रेड असती, ह्ये तुमी घरी येऊन आईला सांगितलं तव्हा आई मनली, "लोकाचा बाप पोरांला पेढे आणतो, अन तुमी झिजलेले पैसे आणलेत व्हय." तुमी हसले अन भाकरीवर ठेचा मागितला.

सुट्टीच्या दिवशी आपल्या गावाहून, पोखर्णीहून, मला अन भावाला तुमी संग न्यायचे. तुमच्या त्या किचनची खिडकी मला अजून दिसती. खिडकीखाली ओटा, ओट्यावर पांढरं फडकं, फडक्यावर चार वाट्या. तुमी घड्याळवाल्याकडचं भिंग डोळ्याला लावताव अन नाणं किनारीला धरताव. "तोंडाला हात न्हाई लावायचा, माय. घाम लागतो." एका बाजूला दाढीवाला माणूस, दुसऱ्या बाजूला, जुनं असंल तर, गव्हाच्या दोन ओंब्या. त्या ओंब्यांच्या काड्यांवर बारीक रेघा असतेत. सगळ्या रेघा सुट्ट्या दिसल्या तर कोऱ्याच्या वाटीत. वरच्या टोकाला मिटल्या असल्या तर बऱ्याच्या वाटीत. निम्म्या गेल्या तर चालतंय, अन ओंबी नुसती सपाट झाली तर झिजलेलं. मग माणसाचा गाल बघायचा, कान बघायचा. भाऊ दोन नाणी बघितली की बाहेर कुत्र्यामागं पळायचा. मी बसायचे. एकदा तुमी बऱ्यात टाकलेलं नाणं मी उचललं अन मनलं, आबा, ह्याच्या डाव्या ओंबीची एक रेघ गेलीय. तुमी भिंग लावून लय येळ बघितलं अन नाणं खालच्या वाटीत टाकलं. सांजच्याला बसमधी भावाला मनले, "हिची नजर माझ्याहून बरी हाय रे." भाऊ मनला, "मग हिलाच सैपाकाला लावा."

अन ती दसऱ्याची गोष्ट. आईनं मला देवाची भांडी घासायला दिली व्हती. चिंच अन राख घेऊन मी ताम्हण घासलं, तांब्या घासला, अन तुमचं एक नाणं मधीच घासलं. लय काळपट दिसत व्हतं. असं लाल झालं की मी पळत तुमाला दाखवायला आणलं. तुमी मारलं न्हाई. भिंग काढलं, बघितलं, भिंग ठिवून दिलं. मनले, "काळं न्हवतं ते. तितक्या वर्षांचा रंग व्हता त्याच्यावर. आता ह्याला कुठल्याच वाटीत जागा न्हाई." त्या राती तुमी जेवले न्हाई. आबा, मला त्याच्यापरीस मारलं असतं तर बरं झालं असतं. तव्हापस्नं तुमच्या जुन्या नाण्याला मी कव्हाच धक्का लावला न्हाई. तेच माझ्या अंगावर आलंय.

नव्या नाण्यांना तुमी वाटीच दिली न्हाई. ती डब्याच्या झाकणात पडलेली असायची. मी इचारलं, एवढी लाल हायेत, एवढी कोरी हायेत, मग झाकणात काहून? तुमी मनले, "ब्याऐंशी सालानंतर त्याईनं तांबं घालणं सोडलं. वरून पापुद्रा तांब्याचा, आत सगळं जस्त." अन खरं वाटावं म्हून तुमी एका नव्या नाण्याची किनार कानशीनं घासली, आतून पांढरं दिसलं. मग ग्लासात लिंबं पिळली अन नाणं त्यात सोडलं. नाण्याला बारीक फेस आला. पुढच्या सुट्टीला तुमी ग्लास आमच्यापुढं धरला. आतलं खाल्लं गेलं व्हतं. वर नुसतं तांब्याचं टरफल ऱ्हायलं व्हतं, कागदावाणी, बोट लावलं की दबलं. भाऊ मनला, "आबा, जादू." मीबी हसले व्हते.

तुमी गेल्यावर भावानं डबा मलाच दिला. लगीन लागल्यावर माझ्या पिशवीत त्यानंच ठिवला अन मनला, "मला ह्यातलं काई कळत न्हाई, तुला बापाची नजर हाय." इथं आल्यावर मी त्यो कपाटात साड्यांच्या खाली ठिवला. दुपारी घर सामसूम असलं की काढून बघायचे. आमचे मालक ट्रकवर असतेत, महिन्यात चार रोज घरी. त्याईला ठाव हाय, पण त्याईनं कव्हा इचारलं न्हाई.

मागच्या महिन्यात लेकरू सारखं किरकिर करायला लागलं. दीड वर्षाची हाय, दूध प्यायना. सासू, आमच्या आत्याबाई, मनल्या नजर लागली, करदोड्यात तांब्याचा पैसा बांधू. पहिले भोकाचा पैसा मिळायचा, आता कुणाच्या घरी न्हाई. आत्याबाई चुलीपुढं बसून मनल्या, "हिच्या बापानं म्हणं अमेरिकेचा डबा भरून ठिवलाय. अन नातीच्या कमरंला बांधायला एक पैसा न्हाई हिच्याजवळ." शेजारीण बसलेली व्हती, ती पदरात हसली. मी मनलं, देते की, बांधते.

दार लावून मी डबा काढला. वाट्या न्हाईत आता, चार चिंध्यांत बांधलेत. कोऱ्याची चिंधी सोडली, ओंब्या बघितल्या, परत बांधली. बऱ्याची सोडली, ते खालच्या वाटीत गेलेलं नाणं आठवलं, परत बांधली. झिजलेल्यांपैकी एक घ्यायचं व्हतं, आबा. त्यातल्या एकाला भोक पडलं असतं तर तुमचं काय वाईट झालं असतं. पण मला चिंचंचं आठवलं. मनात मनलं, जुन्याला भोक न्हाई पाडायचं. अन झाकणातलं एक नवं काढलं. लाल भडक. मागं ओंब्यांच्या जागी खांबाची इमारत असलेलं. मनलं कुणाला काय कळतंय.

वेल्डिंगवाल्याच्या दुकानात गेले. त्यानं पकडीत धरून ड्रिल लावलं, अन आतून पांढरा भुगा पडला. त्यो बोटावर घेऊन मनला, "ताई, ह्ये तांबं न्हाई बरं का. आत येगळंच हाय."

मी मनलं, "असू द्या भाऊ. भोक पाडा."

"न्हाई, तुमाला म्हून सांगितलं. लेकराला बांधायचं असंल तर."

"पाडा तुमी."

घरी आल्यावर त्या भोकाला हळद चोळली, पांढरं दिसू नये म्हून. आत्याबाईनं नाणं हातावर घेतलं, जड हाय का बघितलं, मनल्या, "हां, शुद्ध हाय. बापाचं हाय ना." मी हो मनलं अन काळ्या दोऱ्यात ओवून बांधलं. लेकरू त्याला हातानं वढायचं, तोंडात घालायचं. आमी सगळे हसायचो.

परवा संध्याकाळी दोरा अंथरुणावर घावला. चावून तोडलेला. पैसा न्हाई. अंथरूण झटकलं, झोळी झटकली, ओसरी झाडली. मग तिच्याकडं बघितलं अन तिच्या तोंडात बोट घालून चाचपलं.

गंगाखेडला डॉक्टरकडं नेलं, आत्याबाई संग. त्याईनं फोटो काढला, पोटात गोल दिसला. डॉक्टर माझ्याकडं बघून मनले, "काय हाय हे? सेल-बिल तर न्हाई ना घड्याळाचा?" आत्याबाई मनल्या, "न्हाई हो, तांब्याचा पैसा हाय. शुद्ध. हिच्या बापाचा." डॉक्टरनं मला परत इचारलं, "ताई, तांब्याचाच ना?"

आबा, तव्हा सांगायचं व्हतं. त्यो माणूस दोनदा इचारायलाय, लेकरू माझ्या मांडीवर हाय, अन मी आत्याबाईच्या चपलाकडं बघायलेय. खोटं तांबं बांधलं म्हून सांगितलं तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई असं मला वाटलं. शेजारणीचं हसू आठवलं. मी मान हलवली. डॉक्टर मनले, पोटात उतरलाय तर पडंल आपोआप, केळ खाऊ घाला, रडत बसू नका. उलटी झाली, पोट दुखायला लागलं तर लगेच या.

काल दिसभर पडला न्हाई. केळ खाल्लं न्हाई. पोटाशी पाय घेऊन झोपायली. आत्याबाई मनल्या, दात यायलेत. पहाटंच्या उलटीत काळपट कण व्हते, ते मी पदरानं पुसले अन कुणाला दाखवले न्हाईत. मग मात्र आत्याबाईला मनलं, परभणीला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात. त्या मनल्या, "डॉक्टरनं सांगितलंय ना पडंल म्हून." मी मनलं, मी चालले, तुमी या न्हाईतर ऱ्हावा. आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. त्या आत पिशवी भरायलेत आता.

जस्त काय असतं ते मला कुण्या शाळेत शिकवलं न्हाई, तुमी शिकवलं. आंबटात त्याचं काय होतंय ते मी डोळ्यानं बघितलंय. माणसाचं पोट आंबट असतं एवढंबी मला कळतंय. अन मी मुद्दाम त्याला भोक पाडलं, आतलं उघडं पाडलं. ज्याला ह्यातलं काई ठाव न्हाई त्यानं बांधलं असतं तर चूक मनली असती. मी ग्रेड लावून बांधलं. चांगली नाणी जपून ठिवली अन सगळ्यात हलकं लेकराला दिलं. ती चार चिंध्यांतली नाणी कपाटात तशीच हायेत, एकालाबी ओरखडा न्हाई. तुमी असते तर झिजलेल्यांतलं एक उचलून तुमीच भोक पाडून दिलं असतं. कदाचित कोऱ्यातलंबी दिलं असतं. ह्ये मला काल राती कळलं, अन तव्हापस्नं मला तुमची लाज वाटायलीय.

दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचं ठरवलंय. ह्ये तांबं न्हाई डॉक्टर, वरून तांबं, आतून जस्त, भोक पाडलेलं. मनात पाठ करायलेय. पण मघाशी मोरीजवळ उभं राहून भावाला फोन लावला, त्याला तरी सांगावं म्हून. त्यो गॅरेजात निघायला व्हता. मनला, "काय गं, एवढ्या सकाळी?" अन मी इचारलं, वहिनीचा खोकला कसा हाय. बरा हाय मनला. बरं मनलं अन ठिवून दिला. आपल्या भावापुढं तोंड उघडलं न्हाई, तर आत्याबाई बाजूला उभ्या असताना डॉक्टरपुढं उघडंल का ते मला सांगता येत न्हाई.

जीपचा हॉर्न वाजायलाय. आबा, ह्ये मी तुमाला लिहिलं, पण आता जो कुणी घरात येईल त्यानं वाचावं म्हून ओट्यावर उघडं ठिवून चालले. जे कुणी वाचताल त्याईनं माझ्या भावाला फोन करा. त्याचा नंबर चुलीजवळच्या भितीवर लिहिलेला हाय. त्याला मना, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात ये, बहिणीच्या लेकरानं झाकणातला पैसा गिळलाय. एवढं मनलं की त्याला कळंल. अन त्याला मना, आल्याबरोबर डॉक्टरला तूच सांग, तिनं सांगितलं का म्हून तिला इचारत बसू नको.