इम्पोर्टेड महिना

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार

रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची नाही.

आज हवामान केंद्रात बातमी फुटली. महागाई भत्त्याची पाहणी याच महिन्यात. मुख्यालयातून बाई येणार. आम्ही परदेशी कर्मचारी मलावीत, लिलाँग्वेत, काय खातो, कुठून आणतो, किती मोजतो, हे घरोघर विचारणार. त्यावरून पुढच्या चार वर्षांचा भत्ता ठरणार. मागच्या वेळी आमच्या लोकांनी प्रामाणिकपणे बाजारातल्या टोमॅटोचे भाव सांगितले. परिणाम भोगतोय. पगार ठरतो डॉलरात, हातात पडतात इथले क्वाचा, तेही बँकेच्या भावाने. दुकानदार माल आणतो डॉलरच्या काळ्या बाजारातल्या भावाने. मधल्या खड्ड्यात मी.

या वेळी चालणार नाही. कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष मी आहे. निवडणूक बिनविरोध झाली होती. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यावरून लोकांचा विश्वास दिसतो.

३ ऑक्टोबर

योजना तयार. महिनाभर कोणी स्वस्त खायचं नाही. सगळं सुपरमार्केटमधलं, सगळं बाहेरून आलेलं. महाग जगलो तर महाग दिसू, महाग दिसलो तर भत्ता वाढेल. दुपारच्या सभेत मांडली. टाळ्या. सिलुम्बू (हिशेब विभाग, झाम्बियाचा, माझा शेजारी) म्हणाला, अध्यक्ष, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे आहोतच.

संध्याकाळी बायकोला, झिफाला, सांगितलं. ती कसाव्याची साल काढत होती. म्हणाली, अध्यक्षसाहेब, डिसेंबरात केट्याला, आईकडे, जायचंय, लक्षात आहे ना? आहे. सासूबाईंची पंचाहत्तरी. चार वर्षांत घाना बघितलेला नाही. दर वर्षी काहीतरी आडवं येतं. दोन तिकिटांचे डॉलर झिफाने जमवून गारीच्या (कसाव्याच्या भाजक्या रव्याच्या) डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकमध्ये ठेवलेत. या वर्षी जाणार म्हणजे जाणार. सासूबाईंनी सगळ्या घरासाठी एकाच छापाचं कापड घेतलंय. माझा शर्ट शिवायला टाकायचा म्हणून माप मागितलंय. कळवलं, छाती अडतीस. झिफाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डिसेंबरपर्यंत होईलच.

७ ऑक्टोबर, शनिवार

पहिली खरेदी. लाल सालीचं डच चीज. दक्षिण आफ्रिकेची सफरचंदं. ऑलिव्हच्या बरण्या. फ्रान्सचं पाणी. बिल पाहून कॅशियर बाईने शेजारच्या कॅशियर बाईला बोलावून दाखवलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मान ताठ ठेवली.

घरी झिफा म्हणाली, हे पाणी आपल्या पाण्यासारखंच लागतं. तिला अर्थशास्त्र कळत नाही.

१० ऑक्टोबर

पगार संपला. दहा तारखेलाच. म्हणजे माझं म्हणणं सिद्ध होतंय.

गारीच्या डब्यातून तात्पुरती उचल. भत्ता वाढला की दामदुप्पट भरणार, झिफाला कळायच्या आत. डॉलर बँकेत जाऊन बदलले. सिलुम्बू म्हणाला, अहो, बँकेत कोण बदलतं? मार्केटच्या मागे दीडपट मिळतात. मी सुनावलं, की संघटनेचा अध्यक्ष मार्केटच्या मागे उभा राहत नाही. बँकेतला माणूस उठून उभा राहिला, माझा हात हातात घेतला, पुन्हा या म्हणाला. त्यांच्याकडे बरेच दिवस कोणी डॉलर घेऊन गेलेलं नसावं.

१३ ऑक्टोबर

ऑलिव्ह फार खारट. तत्त्व म्हणून चार खाल्ले. समोर झिफा भेंडीचा रस्सा आणि बांकू (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे) ओरपत होती. सुका मासा घातलेला. वास असा, की माणसाच्या निष्ठेची परीक्षा. मी ब्रेड-चीज पुढे ओढलं आणि पहिल्या घासाला ठसका लागला.

नंतर चव बघण्यापुरता रस्सा घेतला. तीनदा. भेंडी अंगणातली असल्यामुळे पाहणीत धरायचं कारण नाही.

१७ ऑक्टोबर

फ्रिज रिकामा! दिवसातले आठ तास वीज नसते, म्हणून आधी वाटलं झिफाने सगळं टाकून दिलं. विचारलं. म्हणाली, संपलं. एवढं चीज? हो. सफरचंदंही? संपली. ऑलिव्ह तेवढे जसेच्या तसे होते.

म्हणजे बायकोसुद्धा लढ्यात उतरली. तोंडाने कबूल करणार नाही, ते जाऊ दे. लगेच दुप्पट माल आणला. डब्यातून दुसरी उचल.

२१ ऑक्टोबर, शनिवार

सिलुम्बूकडे जेवण. मक्याच्या पिठाचा एन्सिमा, चांबो मासा आणि शेवटी, बशीत, डच चीज! लाल सालीचं! मला भरून आलं. चळवळ पसरतेय. मी तसं म्हणालो. सिलुम्बू म्हणाला, अध्यक्ष, खरं सांगतो, तुमच्यामुळेच हे परवडतंय. त्याची बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून हसण्याचा आवाज आला. मोकळ्या स्वभावाची बाई आहे.

परवडतंय म्हणाला ते मात्र चुकीचं. पाहणीत असं बोलू नको म्हणून बजावलं.

२४ ऑक्टोबर

केंद्रात पावसाचे जुने आकडे तपासले. एका ठाण्यावर एका दिवसात इतका पाऊस नोंदलाय, की अख्खा जिल्हा वाहून गेला असता. आसपासच्या नऊ ठाण्यांवर थेंब नाही. नव्या मुलीला समजावलं, की असा एकटा वेडा आकडा दिसला, की दयामाया न दाखवता बाजूला काढायचा, नाहीतर तो सगळी सरासरी बिघडवतो. तिने लिहून घेतलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहणीच्या बाई आल्या. मिस सेगोको, बोत्स्वानाच्या. गंभीर, चपला दाराबाहेर काढणाऱ्या. मी बैठकीच्या खोलीत फ्रान्सचं पाणी, चीज, सफरचंदं सहज पडल्यासारखी मांडून ठेवली होती. अर्धा तास बोललो. पावत्या दिल्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा पावत्या पाहिल्या. म्हणाल्या, मिस्टर अग्बेको, तुम्ही दोघंच राहता ना? मी म्हणालो, दोघंच, आणि तरी ही परिस्थिती!

मग झिफाने त्यांना मागे अंगणात नेलं. पाऊण तास. येताना बाईंच्या हातात भेंडीची पिशवी. काय बोललात विचारलं तर झिफा म्हणाली, भेंडीबद्दल. बायका महत्त्वाच्या क्षणी काय बोलतील सांगता येत नाही.

तरी एकूण जिंकल्यातच जमा.

३१ ऑक्टोबर

डब्यात आता फक्त गारी. वरून हलवून सारखी केली, बोटांचे ठसे दिसू नयेत म्हणून. घाबरायचं कारण नाही. भत्ता आला की तिकिटं. विमान कंपन्या काही पळून जात नाहीत.

८ नोव्हेंबर, बुधवार

विजय! संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की उद्यापासून क्वाचाचं अवमूल्यन. डॉलरला अकराशेच्या घरात मिळायचे ते आता सतराशे. म्हणजे माझ्या पगाराच्या प्रत्येक डॉलरमागे जवळजवळ दीडपट क्वाचा, बँकेत उभं राहून, राजरोस! मार्केटमागच्या लोकांची तोंडं बघायला हवी होती. मी खोलीत थोडा नाचलो.

झिफाने रेडिओ बारीक केला. म्हणाली, बरं झालं, पण ज्याने मागच्या महिन्यात डॉलर बदलले त्याचं काय? मी म्हणालो, असा मूर्ख कोण असेल? ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली.

१८ नोव्हेंबर

साखर वाढली. तेल वाढलं. ब्रेड वाढला. सुपरमार्केटात पोरगी एका टोकाने नव्या किमती चिकटवत येते, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत परत पहिल्या टोकाला जावं लागतं. पेट्रोलसाठी रांग चौकाच्या पलीकडे. दहा दिवसांत दीडपटीची मजा संपली. ठीक आहे. यासाठीच भत्ता असतो. मी वाटेल तितका वेळ थांबायला तयार आहे.

झिफाने विचारलं, तिकिटं काढायची ना? म्हणालो, काढू की. म्हणाली, कधी? म्हणालो, योग्य वेळी. म्हणाली, आईने तुझा शर्ट शिवून आणलाय, भिंतीला टांगून ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवते, की हा माझ्या लिलाँग्वेच्या जावयाचा.

चालायला सुरुवात केली पाहिजे. छाती अडतीस.

१ डिसेंबर, शुक्रवार

भत्ता कमी झाला.

पुन्हा वाचलं. कमी झाला. कारणं दिली आहेत. एक, डॉलरमागे आता जास्त क्वाचा मिळत असल्याने शहर डॉलरात स्वस्त झालंय. (त्यांनी ब्रेड घेऊन बघावा!) दोन, कर्मचाऱ्यांना इम्पोर्टेड चीज, सफरचंदं दुकानाच्या निम्म्या भावात सहज मिळतात. नऊ घरांनी अगदी तोच भाव सांगितला. तीन, एका घराचे आकडे बाकीच्यांशी इतके विसंगत होते, की ते सरासरीतून वगळले.

म्हणजे आपल्यात एक गद्दार आहे. कोणीतरी भिकाऱ्यासारखं जगून, शिळंपाकं खाऊन, आकडे पाडलेत. त्याला शोधून काढणार. आणि निम्म्या भावात चीज विकणारं दुकान कुठलं, तेही.

४ डिसेंबर, सोमवार

मिस सेगोकोंना फोन केला. कडक शब्दांत विचारलं, ते वगळलेलं घर कोणाचं? बाई अगदी हळू म्हणाल्या, मिस्टर अग्बेको, तुमचं. वाईट वाटून घेऊ नका. आणि तुमच्या मिसेसना सांगा, भेंडी छान होती.

सिलुम्बूकडे गेलो. निम्म्या भावाचं चीज कुठून आणत होतास? तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला. म्हणाला, अहो अध्यक्ष, तुमच्या घरून. झिफावहिनी मागच्या दाराने द्यायच्या. आम्हाला वाटलं, तुम्हीच ठरवलंय. केवढा मोठा माणूस, स्वतः झळ सोसून सगळ्यांना खाऊ घालतोय, असं आम्ही ऑफिसात म्हणत होतो.

५ डिसेंबर

झिफाला विचारलं. आवाज चढवून. ती भांडली असती तर बरं झालं असतं. हात पुसून बसली. म्हणाली, गारीच्या डब्यात मी रोज हात घालते, तुला काय वाटलं? पहिल्या दिवशीच कळलं. सांगून तू ऐकणार नव्हतास, कधी ऐकलंयस? फ्रिज बंद, चीज सडायला लागलेलं. मिळेल त्या भावात विकलं. क्वाचा घेतले नाहीत, डॉलर घेतले. निम्मे सुटले.

निम्मे म्हणजे एक तिकीट.

मी म्हणालो, मग जायचं कोणी, ते बसून ठरवू. झिफा म्हणाली, ठरवू काय? आई माझी आहे.

वाईट वाटलं. लिहून टाकतो, इथे कोणी वाचत नाही. फार वाईट वाटलं.

६ डिसेंबर

लढा संपलेला नाही! मुख्यालयाला निवेदन लिहिलं. चार पानी. एका महिन्याच्या आत पुन्हा पाहणी करा, वगळलेलं घर सन्मानाने परत सरासरीत घ्या. सह्यांसाठी फिरवलं.

११ डिसेंबर

निवेदनावर सह्या: एक. अध्यक्ष म्हणून आणखी एकदा करता येईल का बघतोय.

१६ डिसेंबर, शनिवार

झिफाला विमानतळावर सोडलं. पेट्रोल सिलुम्बूने दिलं. झिफा म्हणाली, भेंडीला पाणी घाल, कोंबड्यांना संध्याकाळी आत घे, उपाशी राहू नकोस. आईला काय सांगणार, विचारलं. म्हणाली, सांगेन तू तिथे फार मोठा आहेस, तुझ्यावाचून ऑफिस अडतं, सोडलं नाही त्यांनी. आणि माझी कॉलर सारखी केली.

तसं पाहिलं तर ते खोटंही नाही. डिसेंबरात पावसाचे आकडे येतात.

२३ डिसेंबर, शनिवार

पंचाहत्तरी झाली. झिफाने फोटो पाठवला. समुद्राजवळचं अंगण, मधोमध सासूबाई खुर्चीत. मुली, सुना, नातवंडं, जावई, सगळे एकाच कापडात. निळ्यावर पिवळे मासे. शेवटच्या रांगेत उजवीकडे एक माणूस ओळखू येईना. मोठा करून पाहिला. शेजारचे शाळामास्तर. अंगात माझा शर्ट.

फोन केला. झिफा म्हणाली, आई म्हणाली एवढं कापड वाया कशाला घालवायचं, रांगेत जागाही मोकळी दिसत होती. मागे ढोल वाजत होते, तिला नीट ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, त्यांना बसला का शर्ट? म्हणाली, काय? मी ओरडून विचारलं, शर्ट बसला का?

म्हणाली, बरोब्बर. त्यांची छाती अडतीस आहे.

वीज गेलीय. जेवायला ऑलिव्ह.