रूथच्या दगडावरचं कडं

८ मार्च
ईस्टर जवळ आला. रूथला जाऊन वर्ष होईल, कबरीवर दगड नाही अजून. आजारपणात तिनं काढलेलं चित्र कपाटाच्या दारावर आहे. अँख. जुन्या इजिप्तचं चिन्ह, क्रुसासारखंच, फक्त वरच्या दांडीच्या जागी लांबट कडं. दगडावर हेच हवं. ह्यांना सांगितलं. "क्रूस सोडून मूर्तिपूजकांचं चिन्ह? मी चर्चच्या मंडळीचा पंच. लोकांना काय तोंड दाखवू?"
दाखवू नका. पोर माझीही होती.

१२ मार्च
पाळकसाहेब आले. चहा गार होईस्तोवर मीच बोलले. इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर देव हे चिन्ह राजाच्या नाकाशी धरतो, म्हणजे श्वास देतो. पुढे तिथल्या ख्रिस्ती लोकांनीही क्रुसाला असंच कडं ठेवलं. सगळं रूथनं सांगितलेलं. पाळकसाहेब म्हणाले, "खाली बायबलचं वचन घाला बाई, माझी हरकत नाही." हे उठून बाहेर गेले.
मला इजिप्तचं काय करायचंय? शेवटी शेवटी पोर ऑक्सिजनची नळी नाकाला लावून... हवा हवी होती तिला. बस.

२० मार्च
राहुरीत नामदेव पाथरवटाकडे. चित्र दिलं. नाव चुकू नये म्हणून तिचं कॉलेजचं ओळखपत्रही. बजावलं, कड्याच्या आतला दगड पार काढून टाक. "व्हय बाई, कळालं. समदं बैजवार करतो."

३० मार्च
दगड बसला. कड्यात रूथचा फोटो! ओळखपत्रावरचा, चिनी मातीच्या तबकडीवर छापलेला, सिमेंटनं पक्का.
"आतला दगड काढाया लावला, म्हनलं फोटोलाच आसंल. समदेच बसवत्यात, बाई."
हवेला वाट तेवढी मोकळी हवी होती. ती तिच्याच तोंडानं बुजवली. नामदेवला वाट्टेल ते बोलले.

३१ मार्च
ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात. मेणबत्त्या. बायका म्हणाल्या, फोटोला महिरप किती छान केलीय. अँख कुणाला दिसलाच नाही. हे वर्षभरात पहिल्यांदा कबरीपाशी बसले, फोटोवरून हात फिरवत. रडले. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते

६ एप्रिल
नामदेवचा फोन. "तबकडी काढून देतो बाई, पन फुटंल ती. ग्यारंटी न्हाई." म्हटलं, फुटू दे, सोमवारी ये. ह्यांना काही बोलले नाही.

७ एप्रिल, रविवार
उपासनेनंतर हे घरी न येता कबरस्तानाकडे वळले. आता रोजच जातात. मी मागून गेले, त्यांना कळलं नाही. फोटोच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारत होते, "आता दम लागत नाही ना गं, बाळा?"
तशीच परत फिरले.
नामदेव उद्या सकाळीच येईल. नको म्हणून फोन केलेला नाही अजून.