हौसरावांनी बांधलेलं इंजिन

३ डिसेंबर १९७४

शाळा सुटली तर फाटकाशी हौसराव मिस्त्री उभे. हात काळे, धुतलेसुद्धा नव्हते! म्हणाले, "बाई, दौंडला साहेबांची गाडी बघितली. म्हंजी, आधी ऐकली."

सामान आणायला गेले होते. तिथं जुन्या फटफट्या विकणारा एक सावळाराम आहे, त्याच्या शेडमागं कुणीतरी किक मारली आणि हौसराव जागीच थांबले. गाडीला हिरवा रंग मारलेला, नंबरपाटी काढलेली. "पर आवाजाला रंग देता येत न्हाई. त्ये इंजिन मी बांधलंय."

सप्टेंबरात पूर ओसरल्यावर आमच्या ह्यांची पिशवी घोड नदीच्या काठी सापडली, इनामगावजवळ. हे नाहीत, गाडी नाही. सगळे म्हणाले, वाहून गेले. पुण्यानुमोदनही झालं. मग नदीनं गाडी रंगवून दौंडला नेऊन ठेवली?

का कुणी ह्यांना गाडीसाठी —

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "इंजिनं समदी सारखीच वाजत्यात. कशाला जिवाला लावून घेतीस?"

५ डिसेंबर

नुसता आवाज घेऊन पोलिसांकडं कसं जायचं? हौसराव म्हणतात आधी खात्री करू. कागद आधीच मागितले तर सावळाराम सावध होईल. म्हणून गिऱ्हाईक होऊन जायचं. मी भावासाठी गाडी बघणार, ते माझ्याबरोबर आलेले मिस्त्री. जुनी गाडी घेणारा जे बघतो तेच बघायचं.

त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते, डोकं ठिकाणावर नाही. पहिल्यांदा इंजिनला हात लावायचा, थंडच हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय. किक हातानं दाबायची, अलगद खाली गेली तर रिंगा झिजल्या. थंडपणी डावीकडून खडखड आली तर पिस्टन ढिला. आणि तापल्यावरही धूर पांढराच राहिला तर सील गेलं, गिअरचं ऑइल आत ओढतंय.

ह्यांच्या गाडीत तिन्ही होतं! शिवाय चढाला दुसरा गिअर सुटायचा. मागं बसून किती हिसके खाल्लेत मी.

६ डिसेंबर

विहारात मेणबत्त्या लावल्या. ह्यांच्यासाठी वेगळी लावावी का, कळेना. नाही लावली.

८ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो.

इंजिनला हात लावला. थंड. सावळाराम हसला, "ताई, चटका बसंल म्हनून भ्याला का?" हौसरावांनी किक दाबली, अलगद खाली गेली. गाडी चालू केली आणि तीच खडखड! रोज संध्याकाळी ओट्यावर बसून जिची वाट बघायचे, ती. रडू फुटलं, धुराचं निमित्त केलं. धूर पांढरा. दहा मिनिटांनीही पांढराच.

हौसराव चक्कर मारून आले. उतरताना हळूच म्हणाले, "दुसरा सुटला." मग सावळारामला मोठ्यानं, "हेड खोलून बघितल्याबिगर घेत न्हाई." त्यानं कुरकुर केली, पण खोलू दिलं.

पिस्टनच्या माथ्यावर काजळी होती. हौसरावांनी फडक्यानं पुसली. खाली '५०' आकडा, म्हणजे बोर केल्यावर बसवलेल्या मोठ्या पिस्टनची दुसरी साइज, आणि शेजारी त्यांनीच पंचनं ठोकलेले दोन ठिपके. ते माझ्याकडं बघेनात.

"कागद दाखवा," मीच म्हणाले. वाटलं, आता हा पळेल नाहीतर अंगावर येईल. तो शांतपणे कपाटाकडं गेला.

"चोरीचा माल न्हाई ठिवत मी. मालक सोता आल्ता. सोताच्या हातानं लिवून दिलंय, वाचा."

२१ ऑक्टोबर १९७४. पिशवी सापडल्यानंतरची तारीख! खाली सही. साहेबरावमधला ब नेहमीसारखाच पोट सुटलेला. ह्यांचीच.

"लई सरळ मानूस," सावळाराम म्हणाला. "इंजिनात काय काय झिजलंय समदं सांगितलं. कायबी लपवलं न्हाई."

जिवंत आहेत. जिवंत आहेत! आणि मी तीन महिने नदीकडं बघून रडतेय.

९ डिसेंबर

सकाळी चुलीपाशी सासूबाईंना सगळं सांगितलं. सही, तारीख. वाटलं, लेक जिवंत म्हणून गळ्यात पडतील.

लाकूड आत सारत म्हणाल्या, "दसऱ्याच्या आधी येऊन गेला, रंभा. तू शाळंत व्हतीस."