तुमच्या गावाचं गाळलेलं प्रकरण

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज पहिल्यांदाच तुमच्याशी मराठीत बोलते आहे, म्हणजे मध्येच थांबवून माझं वाक्य दुरुस्त करणं तुम्हाला जमणार नाही.

मी ओहायोत तुमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, तेव्हा एका उन्हाळ्यात तुम्ही मला आयर्लंडला, तुमच्या जन्मगावी पाठवलंत. गाव केवढं, तर एक रस्ता, एक चर्च, दोन पब आणि बंद पडलेली डेअरी. तिथे सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. चहा मिळतो, पावसापाण्याच्या गप्पा होतात, आणि खरं काय ते आपण निघताना दारात सांगतात. पोस्ट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी असंच मला दारातून मागे बोलावलं, कोट चढवला आणि टेकडीवर नेलं. तिथे छप्पर नसलेली अकरा घरं आहेत, चुलीच्या जागी काटेरी झुडपं. "बटाटे कुजले त्या दुष्काळातली ही घरं," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसं आत असताना छपरं पाडली. हुकूम जमीनदाराचा, हात तुझ्या प्रोफेसरच्या पणजोबाचा. नंतर ही जमीनही त्यालाच मिळाली. सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही."

मी ते प्रकरण लिहिलं. तुम्ही ते टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलंत. "तू बाहेरची आहेस. गाव तुला काय कळणार?" माझ्या बाकीच्या टिपणांवर तुमचं पुस्तक निघालं. त्यात तुमचे पणजोबा भुकेल्यांना लापशी वाटतात, आणि माझं नाव कुठेच नाही. माझं अमेरिकेतलं राहणं तुमच्या सहीवर होतं. मी गप्प बसले.

गेल्या वर्षी माझं पुस्तक आलं. तुमच्या गावच्या हॉलमध्ये उभं राहून मी तेच प्रकरण वाचलं, मुद्दाम सावकाश. पहिल्या रांगेत तुमची पुतणी मान खाली घालून बसली होती. मला बरं वाटलं, सर. फार बरं वाटलं. निघताना ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली.

"काकाला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "जायच्या आदल्या वर्षी तो इथे आला. त्या अकरा घरांतल्यांचे जे कोणी वंशज गावात उरलेत, त्यांच्या दारोदार जाऊन त्याने माफी मागितली."

"मग? त्यांनी काय केलं?"

"चहा दिला."

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली होती. शेवटचं पान अर्धं रिकामं होतं, पुतणीने सांगितलेलं तिथे सहज मावलं असतं. काल मी ती प्रुफं आहेत तशीच परत पाठवली.