एकशे सत्तावीस दाते

दादा,

शेडची किल्ली तुझ्या शर्टाच्या खिशातून न विचारता घेतली होती. ती या चिठ्ठीवर ठेवली आहे. खुशाल रागव, पण आधी शेजारचा बोल्ट बघ. त्याचे आटे मिलिमीटरचे आहेत आणि ते आपल्याच लेथवर पाडले आहेत. नट बोटाने फिरव, शेवटपर्यंत लोण्यासारखा जातो.

बाबांचं हे लेथ मशीन इंचातलं, त्यावर मिलिमीटरचे आटे निघत नाहीत, म्हणून तू ते विकायला काढलंस. मी तोंड उघडलं की तुझं ठरलेलं, "तुला त्यातलं काय कळतं?" एवढं कळतं की एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पॉइंट चार दाते असलेलं चाक कुणी बनवत नाही, पण पाचपट केलं की बरोबर एकशे सत्तावीस होतात. तेवढ्या दात्यांचं चाक मशीनच्या बाकीच्या चाकांमध्ये बसवलं की इंचाचं मशीन मुकाट मिलिमीटरचं काम करतं.

ते चाक वीस वर्षं आपल्या मागच्या दाराला टेकण म्हणून पडलं होतं. तुझा अंगठा त्यावर किती वेळा ठेचकाळला, आठव. बाबा ते कुणाला फेकू का देत नव्हते, हे मला काल कळलं. चॉकने खूण करून तीनदा दाते मोजले.

मिलिमीटरचे बोल्ट मागणाऱ्या पंपवाल्यांना तू "जमणार नाही" कळवलं होतंस ना, त्यांच्याकडेच असाच दुसरा बोल्ट नमुना म्हणून घेऊन चालले आहे. दाराला वीट लावली आहे.

चार वाजता मशीन घ्यायला तो माणूस येईल. त्याला चहा दे आणि मशीन चालू करून दाखव. नुसतं दाखव.

धाकटी